बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात विषय राहिला, आता?

पत्र : मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या नागपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात आहे. पहिल्या सत्रात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा (शरीररचना आणि शरीरक्रिया) पेपर राहिला. सगळं पाठ करून गेले होते, पण ॲनाटॉमी लिहिता लिहिताच वेळ संपत आला. वॉर्डात ड्रेसिंग बघताना एकदा चक्कर आली. औषधाच्या मात्रेची गणितं फळ्यावर समजतात, पण वॉर्डात सिस्टरांनी विचारलं की काहीच आठवत नाही. इंग्रजीत लिहायची भीती वाटते. मामा म्हणतात, हे सोड आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) कर, सोपं पडेल. मला नर्सच व्हायचं आहे. पण इतके विषय डोक्यात बसवायचे कसे? – एक वाचक, नागपूर

उत्तर :

आधी तुझी मुख्य भीती दूर करू. पहिल्या सत्रात एक पेपर राहिला म्हणून वर्ष वाया जात नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या सत्रपद्धतीत राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या सत्रांचे वर्ग करता येतात. अट अशी की पाचव्या सत्राची परीक्षा देण्याआधी मागचं सगळं सुटलेलं असलं पाहिजे. सातव्या आणि आठव्या सत्राआधीही हीच अट आहे. म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे, पण पेपर चौथ्या सत्रापर्यंत ढकलू नकोस. तिसऱ्या सत्रात मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि ॲडल्ट हेल्थ नर्सिंग एकदम सुरू होतं, आणि या चारही विषयांना फिजिऑलॉजी येते असं धरूनच शिकवलं जातं. तेव्हा पेपर पुढच्या पहिल्या संधीलाच सोडव.

मामांना काय सांगायचं? जीएनएम तीन वर्षांचा आहे आणि तो कमी प्रतीचा अजिबात नाही. पण हिशोब मांडून बघ. हे एक वर्ष सोडलंस, तीन वर्षं जीएनएम केलंस आणि पुढे पदवीसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं केलीस, तर सहा वर्षं होतात. आत्ताच्या वाटेने चार. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बी.एस्सी.वाला थेट बसतो. जीएनएमवाल्याला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी जीएनएमच्या पहिल्या वर्षातही आहेच. ज्या विषयाला घाबरून निघशील तो तिथेही समोर येईल.

आता पेपरकडे. या पेपरला ७५ गुण आणि तीन तास असतात. सेक्शन ए ॲनाटॉमीचा, ३७ गुणांचा. सेक्शन बी फिजिऑलॉजीचा, ३८ गुणांचा. म्हणजे एका गुणाला साधारण सव्वादोन मिनिटं. ॲनाटॉमीला ८५ मिनिटं झाली की अर्धं वाक्य तसंच सोडून सेक्शन बी उघडायचा. उरलेली दहा मिनिटं शेवटी सुटलेलं पूर्ण करायला. तुझं नेमकं इथेच फसलं, आणि हे दरवर्षी कित्येक मुलींचं होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं येतं म्हणून तीन पानं लिहितात आणि शेवटचे छोटे प्रश्न, जे सर्वात सोपे गुण असतात, कोरे राहतात. पाच गुणांच्या उत्तराला दीड पान आणि एक नावं दिलेली आकृती पुरते. आकृती पेन्सिलने, नावं एकाच बाजूला, रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत. मूत्रपिंडाचा उभा छेद, हृदयाचे चार कप्पे, नेफ्रॉन आणि चेतापेशी या चार आकृत्या पुस्तकात न बघता चार-चार मिनिटांत काढता येईपर्यंत गिरव.

पण वेळेची चूक सुधारली तरी पाठांतराची चूक तशीच राहील. तू विषय पाठ केलेस. ॲनाटॉमीची वही वेगळी, फिजिऑलॉजीची वेगळी, नर्सिंग फाउंडेशनचं प्रोसीजर बुक वेगळं. हे विषय वेगळे छापले जातात ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी. रुग्णाच्या शरीरात ते एकत्रच असतात. ते एकत्र कसे बांधायचे, ते आपल्याच भागातल्या एका आजारावरून दाखवतो.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा इथून नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत असे रुग्ण सतत येतात, तेव्हा पोस्टिंगमध्ये एखादा तुला भेटेलच. समज, १९ वर्षांचा मुलगा मांडी आणि कंबर दुखते म्हणून रात्री दाखल झाला. केसपेपरवर लिहिलं आहे सिकलसेल, एसएस पॅटर्न (म्हणजे आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं), वेदनेचा झटका.

त्याच्या मांडीपासून सुरू कर. दुखतं ते फीमर, शरीरातलं सर्वात लांब हाड. त्याच्या आत मज्जा आणि मज्जेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या. ही झाली ॲनाटॉमी. निरोगी लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, दोन्ही बाजूंनी खोलगट आणि मऊ असते. कित्येक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात, तरी ती दुमडून पार होते आणि १२० दिवस जगते. ऑक्सिजन सोडल्यावर या मुलाची पेशी कोयत्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती वाहिनीत अडकते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाड आतून ठणकतं. शिवाय ती जेमतेम १० ते २० दिवस जगते. मज्जा कितीही धावली तरी तूट भरत नाही, म्हणून रक्तक्षय. पेशी भराभर फुटून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं, म्हणून डोळे पिवळे. एवढं समजलं की लाल पेशींवरचा फिजिऑलॉजीचा जवळजवळ पूर्ण धडा तू रुग्णाच्या डोळ्यांत बघून लिहू शकतेस.

या सत्रात तुला बायोकेमिस्ट्री आहे. तिथे प्रथिनांचा धडा येतो तेव्हा हाच मुलगा आठव. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलं. बदललं ते एवढंच. न्यूट्रिशनमध्ये याला काय सांगशील? भरपूर पाणी, रोज फॉलिक ॲसिड. आणि एक गोष्ट जी पुष्कळ जणी व्हायवात (तोंडी परीक्षेत) चुकतात : रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आपणहून सुचवायच्या नाहीत. पेशी फुटल्याने आणि वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठलेलं असू शकतं. आधी तपासणी, मग डॉक्टरांचा निर्णय.

आणि नर्सिंग फाउंडेशन, म्हणजे तुझं खरं काम. वेदना शून्य ते दहा या मापावर विचारायची, वेळ टाकून लिहायची, औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायची. दुखऱ्या भागाला ऊब द्यायची, बर्फ कधीच नाही. गारव्याने वाहिन्या आकसतात आणि पेशी आणखी अडकतात. नागपूरच्या डिसेंबरमध्ये अशा रुग्णाला पांघरूण आहे का हे बघणं हा उपचाराचा भाग आहे. मे महिन्यात हाच धोका घामावाटे पाणी जाण्यातून येतो. म्हणून पाण्याचा आणि लघवीचा हिशोब ठेवणारा इनटेक-आउटपुट चार्ट भरायचा, आणि तो अंदाजाने नाही, मापाने. ताप ३८.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर गेला तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरांना सांगायचं. या रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. जंतुसंसर्गाशी लढणारा एक मोठा अवयव त्यांच्याकडे उरत नाही, म्हणून साधा वाटणारा ताप त्यांना काही तासांत गंभीर करू शकतो.

हाच मुलगा तुला पुढेही भेटत राहील. फार्माकॉलॉजीत हायड्रॉक्सीयुरिया या औषधासोबत. चौथ्या सत्रात जेनेटिक्सला, तेव्हा कळेल की आईवडील दोघेही एएस (एकच सदोष जनुक असलेले वाहक) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि सदोष जनुक अजिबात नसण्याची २५ टक्के असते. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा गैरसमज गावोगावी आहे, तो तुलाच दूर करायचा आहे. पाचव्या सत्रात चाइल्ड हेल्थ आणि कम्युनिटीत तपासणी शिबिरं येतील. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि त्याचं लक्ष्य २०४७ आहे, म्हणजे तुझ्या नोकरीची पहिली बरीच वर्षं या कामात जातील. मिडवायफरीत हाच आजार असलेली गरोदर बाई असेल. आठव्या सत्राच्या २२ आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये, आठवड्याला ४८ तास, हे सगळे विषय तू एकाच ड्युटीत वापरशील.

तर करायचं असं. एक जाड वही घे, दर आठवड्याला एकच रुग्ण. डावीकडे त्याला काय होतंय आणि आपण काय करतोय. उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर ‘का’. उत्तर सापडेल त्या पुस्तकाचं पान तिथेच लिही. दम्याचा रुग्ण मिळाला तर तो आठवडा श्वसनसंस्थेचा, मधुमेहाचा मिळाला तर अंतःस्रावी ग्रंथींचा. दहा आठवड्यांत शरीरातल्या बहुतेक संस्था होतात. रोज दीड तास पुरे : चाळीस मिनिटं आकृत्या, अर्धा तास फिजिऑलॉजी, शेवटची वीस मिनिटं पुस्तक मिटून एक उत्तर घड्याळ लावून लिहायचं. वाचून समजलेलं लिहिताना का अडतं, ते या वीस मिनिटांतच कळतं. रुग्णाचं नाव वहीत टाकू नकोस. वय आणि निदान पुरे.

मात्रेची गणितं वॉर्डात का विसरतात? फळ्यावर आकडे दिलेले असतात, वॉर्डात ते बाटलीवर शोधावे लागतात. सूत्र एकच आहे : हवी ती मात्रा, भागिले बाटलीतली मात्रा, गुणिले ती जेवढ्या द्रवात आहे तो द्रव. बारा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमने लिहिलं तर १८० मिलिग्रॅम हवं. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असेल तर १८० भागिले १२०, गुणिले ५, उत्तर साडेसात मिलिलिटर. ट्रॉलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची बाटली असेल तर ३.६ मिलिलिटर. आता दुसऱ्या बाटलीतून सवयीने साडेसात मिलिलिटर दिलं तर बाळाला ३७५ मिलिग्रॅम जातं, दुपटीहून जास्त. म्हणून ‘एवढे मिली द्या’ हा निरोप कधी मनात ठेवायचा नाही. मिलिग्रॅम लक्षात ठेवायचे आणि मिली दर वेळी बाटली हातात घेऊन काढायचे.

इन्सुलिनमध्ये हीच चूक जास्त घातक ठरते. आपल्याकडच्या बहुतेक कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४०चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर रुग्णाला फक्त ४ युनिट मिळतात, साखर उतरत नाही. १००चं इन्सुलिन लाल सिरिंजने दहापर्यंत ओढलं तर २५ युनिट जातात आणि रुग्ण साखर घसरून बेशुद्ध पडू शकतो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाच. सिस्टर हसणार नाहीत. चांगली इन्चार्ज तर हेच मागते.

सलाईनचे थेंब काढताना आधी सेटचं पाकीट बघ, एका मिलिलिटरला किती थेंब ते त्यावर छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट असेल आणि ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेटला ६० थेंब असतात. तिथे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब. पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. आणि पंधरा मिनिटांनी परत ये. रुग्णाने हात वाकवला, उशी बदलली की वेग बदलतो. लिहिताना ०.५ मधलं शून्य गाळायचं नाही आणि ५ च्या पुढे .० लावायचं नाही. घाईत ५.० चं ५० वाचलं जातं. विद्यार्थिनी म्हणून कुठलंही औषध सिस्टर किंवा मॅडम शेजारी असल्याशिवाय द्यायचं नाही, गणित शंभर टक्के बरोबर असलं तरीही.

चक्करबद्दल घाबरू नकोस. जखम बघून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, भित्रेपणा नाही, आणि सवयीने ती कमी होते. सकाळच्या ड्युटीला हॉस्टेलमधून उपाशी निघायचं नाही. पोहे, भाकरी, केळं, काहीही चालेल, पण पोटात हवं. ड्रेसिंगला उभी असताना गुडघे ताठ लॉक करू नकोस, पायाची बोटं आणि पोटऱ्या हलवत राहा. कानात शीळ आणि थंड घाम जाणवला की ‘मॅडम, मी बसते’ म्हणून तिथेच खाली बस. ट्रेवर कोसळण्यापेक्षा जमिनीवर बसलेलं बरं.

याहून मोठी काळजी सुईची घे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी, पूर्ण झालेत का ते आजच बघ. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात. ट्यूब, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या डब्यात. टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्य तर दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागते. मॅडम रागावतील म्हणून लपवून ठेवणारी मुलगी हेच तास गमावते.

हजेरीचं एक लक्षात ठेव. थिअरीला प्रत्येक विषयात ८० टक्के हवी. ६० तासांच्या विषयात १२ तास चुकले की मर्यादा संपली, आणि आजारपण असलं तरी तो हिशोब बदलत नाही. क्लिनिकलला पदवीआधी १०० टक्के भरावी लागते. या सत्रात फाउंडेशनचे ३२० तास वॉर्डात आहेत. पोळ्याला आणि दिवाळीला गावी जाताना हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असू दे.

राहिलं इंग्रजी. त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसू नकोस. वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनतात, ते तुकडे पाठ कर. शेवटी ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टोमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑस्टोमी’ म्हणजे तोंड करून बाहेर आणणं. सुरुवातीला ‘हेपॅटो’ यकृत, ‘नेफ्रो’ मूत्रपिंड, ‘टॅकी’ जलद, ‘ब्रॅडी’ मंद. असे साठ-सत्तर तुकडे झाले की नवा शब्द फोडता येतो. आणि नर्सेस नोट्सची वाक्यं मोजकीच असतात, तीच रोज लिहायची : रुग्ण काय सांगतो, मला काय दिसलं आणि मोजलं, मी काय केलं, त्यानंतर काय फरक पडला. रोज रात्री पाच ओळी, भूतकाळ आणि वर्तमानकाळ सांभाळून. सीनियरकडून तपासून घे. दोन महिन्यांत हात बसतो.

एका बाबतीत तू वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या पुढे आहेस. झाडीपट्टीतून आलेली म्हातारी मेडिकलच्या वॉर्डात सिस्टरांना नुसती मान हलवून ‘हो’ म्हणते, कारण ‘पेन कुठे होतंय’ हे तिला कळलेलंच नसतं. तू तिच्या बोलीत विचार. कुठे दुखते, केव्हापासून, रात्री झोप लागते का, लघवी किती वेळा, घरी काय खाते. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत आधी वहीत उतरव आणि मग शेजारी इंग्रजीत लिही. येत्या पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी अशी एक आजी निवड. तुझ्या नव्या वहीचं पहिलं पान तिचं.